आप्पांचा डिसमिस

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाची पंपाची मोटार जळाली की तो आधी मोटारीला शिव्या घालतो आणि मग संघप्रियाकडे येतो. पूर्वी तो शिव्या घालून गुंडूआप्पांकडे यायचा. गाळा तोच आहे आणि पाटीवर अजूनही 'गुंडू वाइंडिंग वर्क्स' हेच नाव आहे. आप्पांनी दुकानात यायचं बंद केलं तेव्हा पाट्या रंगवणारा आपणहून विचारायला आला होता, नवं नाव काय टाकू म्हणून. संघप्रियाने त्याला चहा पाजला आणि जुन्याच नावावर नवा रंग चढवून घेतला.

मोटार भरणं हे काम बघायला सोपं वाटतं. जळालेली तार उपसायची, खाचांत नवा कागद घालायचा, तांब्याच्या तारेची नवी भेंडोळी, म्हणजे कॉइली, गुंडाळून बसवायची आणि एकमेकींना जोडायची. त्या जोडण्यात सगळी मेख आहे. शेजारशेजारच्या दोन कॉइलींत वीज एकीत सुलट आणि दुसरीत उलट फिरावी लागते, नाहीतर मोटार फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि पुन्हा जळते. आप्पांनी तिला हे चार शब्दांत पाठ करून घेतलं होतं: 'शेवट शेवटाला, सुरुवात सुरुवातीला.' पहिल्या कॉइलीचं शेवटचं टोक दुसरीच्या शेवटच्या टोकाला, आणि दुसरीची सुरुवात तिसरीच्या सुरुवातीला. हे शब्द संघप्रियाच्या डोक्यातून कधीच बोटांत उतरलेत. ती गिऱ्हाइकाशी भांडत असते आणि बोटं आपली जोडत असतात.

गडमुडशिंगीतल्या विहाराशेजारच्या गल्लीतली ही पोर आयटीआयचा दाखला घेऊन पहिल्यांदा उद्यमनगरात आली, तेव्हा तिने एकही गाळा सोडला नव्हता. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न ठरलेले. घरी विचारून आलीस काय? आणि आडनाव काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं की जागा भरलेली असायची. गल्लीच्या टोकाला गुंडूआप्पांचा गाळा. आप्पा मोटारीत डोकं घालून बसलेले. त्यांनी दोन्ही प्रश्न विचारले नाहीत.

"हात बगू," म्हणाले. तिने हात पुढे केले. त्यांनी बोटं उलटीपालटी करून बघितली. "उद्यापासनं ये. आणि आल्या आल्या तेवढा माठ भरून ठेवत जा."

माठ! संघप्रियाला असा राग आला म्हणता. दाखला विजेच्या कामाचा, आणि हा बाबा पाणक्याचं काम सांगतो. घरी येऊन ती आईपुढे, सरुबाईपुढे, तणतणली. सरुबाई शांतपणे म्हणाली, "मग जाऊ नगो." आईने असं म्हटल्यावर ती जाणारच होती. निव्वळ हट्टाने गेली, आणि माठ आदळआपट करत भरत राहिली.

आप्पांची एक सवय होती. गिऱ्हाईक पायरी चढलं की मोटारीचं नाव काढायच्या आधी ते माठात तांब्या बुडवायचे, स्वतः ग्लासभर वरून प्यायचे, मग दुसरा ग्लास भरून गिऱ्हाइकापुढे धरायचे. "घ्या पावणं." बहुतेक जण घ्यायचे. काहींना गल्लीतल्या कुणीतरी कानात सांगितलेलं असायचं की माठ कोण भरतं. ते म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलोय." आप्पा मान डोलवायचे. त्या माणसाची मोटार मग कोपऱ्यात पडून राहायची. चार खेपा झाल्या की तो माणूस चिडून विचारायचा, आणि आप्पा पुन्हा ग्लास भरायचे. ऐन पाण्याच्या पाळीला शेतातला पंप बंद पडलेला असला की माणसाला तहान लागतेच. एकेक करून गिऱ्हाइकं आणि सगळी गल्ली त्या माठाचं पाणी प्यायली.

ह्यातलं संघप्रियाला काही कळलं नव्हतं. म्हातारा पाण्याचा शौकीन आहे, एवढीच तिची समजूत. फार वर्षांनी शेजारच्या लेथवाल्याने, तोवर तो तिला धाकटी बहीण मानायला लागला होता, हसत हसत सांगितलं, "आप्पानं आमाला सगळ्यास्नी तुज्या माठावर आणून सरळ केलं बग. पयल्या येळंला मी बी न्हाई म्हणालोतो." संघप्रिया हातातलं काम टाकून मागच्या बाजूला गेली. आपण ज्या माठाला शिव्या घालत होतो, त्या माठाने आपल्याला ह्या गल्लीत उभं केलं, हे तिला त्या दिवशी कळलं. त्या म्हाताऱ्यासाठी तिचं मन इतकं भरून आलं की लगेच जाऊन त्यांना ते सांगावं असं वाटलं.

पण तोवर आप्पांचे कान गेले होते आणि त्यांनी दुकानात यायचंही बंद केलं होतं.

दोन्ही कानांना जुनी खोड होती, कान वाहायचे. डॉक्टर म्हणाले, आतली नस चांगली आहे, पण पडदा आणि त्यामागची बारकी हाडं खराब झाली आहेत. मशीन दिलं. ते शिट्ट्या मारतंय म्हणून आप्पांनी बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिलं. तरी नंतर कितीतरी दिवस ते काम करत होते, कारण मोटार ते कानाने ऐकतच नसत. स्क्रूड्रायव्हरला उद्यमनगरात डिसमिस म्हणतात. त्या डिसमिसचं टोक चालू मोटारीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग कुरकुरतंय का, कुठे घासतंय का, ते हाडातून कळतं. लाकडी मुठीचा तो डिसमिस सदैव आप्पांच्या खिशात असायचा. मोटार त्यांना ऐकू यायची, माणसं मात्र येत नव्हती. मग डोळ्यांनीही दगा दिला आणि ते कळंब्याला घरीच बसले.

संघप्रियाने प्रयत्न केला नाही असं नाही. कळंब्याला जाऊन तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगून बघितलं, "आप्पा, त्या माठाचं मला लई उशिरा कळलं!" आप्पांनी अंदाजाने उत्तर दिलं, "व्हय व्हय, जेवलोय." ती आणखी ओरडली, तशी शेजारीण भांडण लागलं की काय म्हणून बघायला आली. आता ओरडून आभार मानायचे कसे हो? लिहून द्यावं तर अक्षर दिसत नाही, आणि दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं तर ते पुन्हा ऐकू यायला हवं. राहून गेलं ते गेलंच. आणि आता आप्पांची मुलगी क्रांती त्यांना कायमचं जयसिंगपूरला न्यायला रविवारी येणार होती.

नेमक्या त्याच सुमाराला मनाली दुकानात आली. रंकाळ्याकडची, बंगळुरात शिकून आलेली, केसांत पेन्सिल खोचलेली मुलगी. एक बंद पडलेलं फौंड्रीचं शेड मिळालं आहे, तिथे कलामहोत्सव भरवतोय, म्हणाली. आवाजाचा, विजेचा आणि हाताने काहीतरी बनवणाऱ्या लोकांचा.

"म्हंजी गाण्याबिण्याचं?" संघप्रियाने विचारलं.

"नाही ताई, गाणं नाही. नुसता आवाज."

"नुसता आवाज ऐकाय लोक येत्यात?"

"येतील की!" मनाली म्हणाली. तिला खात्री नव्हती, पण ती कोल्हापूरची होती, त्यामुळे ते तिने जोरात सांगितलं.

तिला हव्या होत्या मधे लोखंडाचा तुकडा बसवलेल्या दोन डझन मोठ्या कॉइली. एका लोखंडी कड्याला त्या हाताशी येतील अशा टांगायच्या, सगळ्या एका माळेत जोडायच्या आणि माळेची दोन टोकं अॅम्प्लिफायरला द्यायची. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइट, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर ह्यांच्याभोवती विजेची एक घरघर असते. आपल्याला ती ऐकू येत नाही, पण कॉइल ती पकडते. "आपलं गाव दिवसभर वीज पितं. ती आतून कशी गुरगुरते ते लोकांना ऐकवायचंय."

संघप्रियाच्या हातातली तार थांबली. "म्हंजी डिसमिसच की गं," ती म्हणाली. मनालीला ते कळलं नाही, तेव्हा तिने एक मोटार चालू करून, डिसमिस लावून दाखवला. मनालीने डोळे मिटून तो कितीतरी वेळ कानामागे धरून ठेवला. मग दोघी जणी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलायला लागल्या.

शनिवारी उद्घाटन. संघप्रियाने ठरवलं, आप्पांना रिक्षाने आणायचं. त्यांना ऐकू नाही आलं तरी चालेल, निदान त्यांच्या हाताखाली शिकलेलं काम दिव्याखाली टांगलेलं त्यांना दिसेल तरी, हात लावून कळेल तरी. आणि चार लोकांसमोर आपण म्हणू की हे ह्यांचं आहे. जे बोलायचं ते सगळं नाही, पण थोडं तरी पोचेल.

शेडमध्ये शनिवारी सकाळी जत्रा होती. इचलकरंजीच्या एकाने मोडक्या मागाच्या खडखडाटाचं वाद्य केलं होतं. एका टेबलावर एक निवृत्त मास्तर सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकता शिकता बोट भाजून घेत होते आणि तरी खूश होते. बचत गटाच्या बायकांनी खोक्यांचे रेडिओ केले होते आणि त्यातून खरंच बातम्या लागत होत्या. दाराशी आयोजकांनी एक माठ ठेवला होता, रिकामा. संघप्रियाने आल्या आल्या तो भरला. कुणी सांगितलं नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय ती.

मग मनालीने अॅम्प्लिफायर चालू केला.

काही नाही. बटण आणखी फिरवलं. स्पीकरच्या लाकडी खोक्यातून किंचित सुस्कारा आला, बस्स. वायर तपासली, खोकं बदललं, शेवटी बटण पार टोकाला नेलं. गावाची वीज मुकी झाली होती. कोरे कपडे घातलेले पाहुणे दारात यायला लागले होते आणि मनालीचा चेहरा उतरला होता.

संघप्रियाने माळेवरून नजर फिरवली. एक जोड बघितला, दुसरा बघितला. शेवट शेवटाला. सुरुवात सुरुवातीला. मनालीने चार वेळा सांगितलं होतं, सगळ्या एकाच दिशेने जोडायच्या. तिने चार वेळा मान हलवली होती. आणि जोडताना बोटांनी मोटार भरली होती.

"मनाली, चूक माजी हाय," ती म्हणाली. "एक सुलट, एक उलट जोडलोय मी. सगळंच्या सगळं. उकलून परत जोडायचं म्हंजी दुपार व्हणार."

मनालीने घड्याळ बघितलं. "होऊ दे ताई," म्हणाली, "उद्घाटनाचं भाषण लांबवायला सांगते. आपल्याकडं त्याची काय ददात नाही." पण तिचे डोळे भरले होते, आणि ते बघून संघप्रियाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

अशात रिक्षा आली. आप्पा उतरले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, खिशात डिसमिस. संघप्रियाने त्यांचा हात धरून आत आणलं. चुकलेल्या कामापाशी गुरूला आणायचं म्हणजे काय, हे ज्याने कधी कुणाच्या हाताखाली काम केलंय त्यालाच कळेल. आप्पांना धूसर का होईना, कॉइली दिसल्या. त्यांनी एकीवरून बोट फिरवलं, तार ताठ बसली आहे की नाही ते बघितलं, खूश झाले. मग खिशातून डिसमिस काढला आणि जोड चाचपता चाचपता त्याचं टोक कॉइलीच्या मधल्या लोखंडावर ठेवलं.

ठक्क!

स्पीकरमधून आलेल्या त्या आवाजाने अख्खं शेड दचकलं. मास्तरांनी डाग द्यायचा थांबवला. आप्पांना काहीच पत्ता नाही. ते पुढच्या कॉइलीकडे सरकले. ठक्क. पुढची. ठक्क. उचलताना एक लांब, खोल घुमारा. चुंबक हलला की कॉइलीत वीज उठते, आणि त्या जुन्या डिसमिसला लोहचुंबकाचा गुण होता. स्क्रू चिकटून यावा म्हणून आप्पांनीच तो लावून घेतला होता. शेडमधले लोक एकेक करून कड्याभोवती गोळा झाले.

मनाली उडीच मारायची बाकी होती. "ताई, उकलायचं नाही! अजिबात उकलायचं नाही!" ती संघप्रियाचा दंड धरून सांगायला लागली. "मी सांगितलं तसं जोडलं असतं तर सगळ्या शेडची घरघर कानठळ्या बसेपर्यंत घुमली असती. तुमच्या जोडणीत एका कॉइलीने पकडलेली घरघर शेजारची उलटी पकडते, दोन्ही मिटतात. लांबचं सगळं गप्प. आता जे अगदी जवळ येईल तेवढंच ऐकू येणार." तिने 'गावाची वीज' लिहिलेला पुठ्ठा काढला, उलटा केला आणि खडूने त्यावर लिहिलं, 'जवळ या'.

आप्पा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. "काय झालं? मोडलं काय?"

संघप्रियाने त्यांचा हात धरला आणि डिसमिसचं टोक स्पीकरच्या खोक्यावर टेकवलं. पुढचं सांगावं लागलं नाही. मूठ आपसूक कानामागे गेली आणि डोळे मिटले. मनालीने चुंबकाचा एक तुकडा आणून कॉइलींवरून फिरवला. आप्पांच्या भुवया वर चढल्या.

"बोलतंय की!" ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. लोक हसले. तेवढ्यात कॉइलीला खेटून उभ्या असलेल्या एका पाहुण्याच्या खिशात फोन वाजला आणि त्याची धून खोक्यातून घुमली. आप्पांनी डोळे न उघडता सांगितलं, "कुणाचा तरी फोन वाजतुय. उचला की." कितीतरी वर्षांत त्यांनी फोन ऐकला नव्हता.

संघप्रिया पुढे सरकली. मग हळूच मनालीला म्हणाली, "फोनात कोण बोललं, तर त्ये बी ऐकू येईल?"

"फोनच्या स्पीकरातही चुंबकच असतो, कॉइलीला टेकवला तर येणार. घरघर मिटलीय ना आता."

"मग तुजा फोन टेकीव. मी भाईर जाऊन फोन लावतो."

ती दाराबाहेर माठापाशी जाऊन उभी राहिली. तिने फोन लावला. आत मनालीने फोन कॉइलीला धरला. संघप्रिया ओरडली नाही. घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"आप्पा, मी संघप्रिया. ऐकाय येतंय न्हवं?"

आतून मोठा आवाज आला, "येतंय! कुठनं बोलतीस?"

"हितंच हाय. आप्पा, तुमी मला माठ भराय लावलासा, तवा मी तुमच्यावर लई रागावलो हुतो. मनात शिव्या बी घातल्या. तुमी त्ये पाणी सगळ्यांच्या देखत का पीत हुतासा, त्ये मला लई उशिरा कळलं. कळलं तवा तुमाला ऐकाय येईना. आप्पा, ह्या गल्लीत मला बसाय जागा तुमी दिलासा. माज्या हातात जे हाय, ते तुमचं हाय. एवडंच सांगायचं ऱ्हायलं हुतं."

संघप्रियाला दारातून फक्त आप्पांची पाठ दिसत होती. खोक्यावर वाकलेली, कानामागे लाकडी मूठ घट्ट धरलेली. मग त्यांनी डिसमिस खाली घेतला, धोतराला पुसला आणि खिशात ठेवला.

"तहान लागत हुती, म्हणून पीत हुतो," ते सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्यात काय एवडं?" मग टोपी सारखी केली, डोळे पुसले. "आणि आता बी लागलीया. ये आत, आणि येताना पाणी घिऊन ये."

संघप्रियाने तांब्या भरला, दोन ग्लास घेतले आणि रडत, हसत आत गेली. आप्पा आधी स्वतः ग्लासभर पाणी वरून प्यायले. मग त्यांनी दुसरा ग्लास भरला आणि कडक इस्त्रीत शेजारी उभ्या असलेल्या प्रमुख पाहुण्यांपुढे धरला.

"घ्या पावणं."

पाहुण्यांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला. मागून मास्तर पुढे झाले, त्यांच्यामागे बचत गटाच्या बायका. तांब्या संपला तशी संघप्रिया पुन्हा माठाकडे गेली.